लाक्षागृहातला हिवाळा

मराठी वृत्तपत्रांनी 'रिकॉल' या शब्दासाठी 'परत मागवणे' हा प्रतिशब्द रूढ केला आहे. अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या परत मागवल्या, असे वाक्य आपण वर्षातून चार वेळा तरी वाचतो आणि पान उलटतो. ते वाचून जे चित्र डोळ्यांसमोर येते ते असे, की कंपनीची माणसे दारात येतील, गाडी घेऊन जातील आणि पैसे हातावर ठेवतील. वाण्याकडून आणलेल्या डाळीत खडे निघाले म्हणजे ती परत करावी, तसा काहीसा हा व्यवहार असावा. प्रत्यक्षात परत मागवलेली गाडी बहुधा कोठेच जात नाही. ती मालकाच्याच दारात उभी राहते, तिचे हप्ते मालकच भरतो आणि तिच्यातून त्याचीच मुले शाळेत जातात. बदलते ते एवढेच, की काल जी केवळ वस्तू होती तिच्याविषयी आज एक मजकूर अस्तित्वात आलेला असतो. मूळ इंग्रजी शब्दाला 'आठवणे' असाही अर्थ आहे. उत्पादकाला आपल्या हातून काय घडले ते उशिरा आठवते आणि तो ते मालकाला कळवतो, असा अर्थ घेतला तर तो वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल, असे आम्हांला वाटते.

या शब्दाचा विचार करण्याची पाळी आम्हां उभयतांवर आली ती २०२१ सालच्या हिवाळ्यात. त्या वर्षीच्या ८ नोव्हेंबरला अमेरिकेने परदेशी प्रवाशांवरचे निर्बंध उठवले आणि दीड-पावणेदोन वर्षे केवळ पडद्यावर पाहिलेली नात प्रत्यक्ष पाहण्यासाठी आम्ही न्यू जर्सीला मुलाकडे गेलो. त्याची विजेवर चालणारी गाडी होती. ती कोणत्या कंपनीची, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पुढे ज्या गाडीचे नाव घेणार आहोत ती मात्र नव्हे. घर तिकडच्या पद्धतीचे होते, म्हणजे गाडी घरातच राहात असे. खाली गॅरेज, गॅरेजच्या भिंतीवर चार्जर आणि गॅरेजच्या बरोबर वर नातीची खोली. आम्ही पोहोचल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आले. त्यावर वाहनसुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेची मुद्रा होती आणि ही सूचना सुरक्षेची असून महत्त्वाची आहे, असे ठसठशीत छापले होते. हा ठसा कायद्याने सक्तीचा आहे. जाहिरात समजून लोक अशी पाकिटे केराच्या टोपलीत टाकत, म्हणून तो आला.

आम्ही दोघांनीही तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले आहे. हाती आलेला कागद एकदा वाचून खाली ठेवण्याची आम्हांला सवय नाही. त्या पत्राचे पहिले वाक्य साधारण असे होते, की हे पत्र संघराज्याच्या वाहनसुरक्षा कायद्यानुसार आपणांस पाठवण्यात येत आहे. दुसरे असे, की आपल्या वाहनात सुरक्षेशी संबंधित दोष आहे, असे कंपनीने ठरवले आहे. दोष 'आढळला', 'लक्षात आला' किंवा 'सापडला' असे न म्हणता 'ठरवले' असे का म्हटले असावे, यावर आमच्यापैकी एकाने बराच वेळ खल केला. कंपनीच्या वकिलाची ही पळवाट असावी, असा पहिला तर्क होता. पुढे कळले, की ही वाक्ये कंपनीची नाहीतच. १९६६च्या अमेरिकी कायद्याखाली झालेल्या नियमांनी अशा पत्रात काय लिहायचे ते जवळजवळ शब्दशः नेमून दिले आहे आणि 'ठरवले' हे क्रियापदही त्यांतलेच आहे.

विचार करता या क्रियापदाची निवड आम्हांला पटली. दोष तर गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापासूनच होता. तो कळला केव्हा, याविषयी वर्षानुवर्षे वाद घालता येतो. तो आहे असे ठरवले केव्हा, याला मात्र तारीख असते आणि जबाबदारी मोजायची तर तारीख लागतेच. सरकारला कळवल्यापासून साठ दिवसांत मालकांना पत्र गेले पाहिजे, हा नियम त्या तारखेवरच उभा आहे. अज्ञानाच्या धुक्यात दडणाऱ्याला एका क्रियापदाने खुंटीला बांधले होते. कायद्याची भाषा रूक्ष म्हणून तिची थट्टा करण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु इतके मोजून-मापून वापरलेले क्रियापद आम्ही अलीकडच्या कवितेतही क्वचितच पाहिले आहे.

पत्राचा उत्तरार्ध आज्ञार्थी होता. गाडी उघड्यावर, इमारतीपासून दूर उभी करावी. ती रात्रभर चार्ज करू नये. बॅटरी पूर्ण भरू नये आणि पार रिकामीही होऊ देऊ नये. दोषावरचा उपाय सध्या उपलब्ध नाही. उपलब्ध होताच दुसरे पत्र पाठवण्यात येईल. म्हणजे दोषाला तारीख होती आणि उपायाला नव्हती. आमच्या मुलाचे सगळे पुढचे महिने या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत गेले.

त्या वर्षी हा विषय कोणाशीही निघाला की उदाहरण एकच निघे: जनरल मोटर्सची शेव्हरोले बोल्ट. ती हकीकत सार्वजनिक नोंदींत आहे आणि सविस्तर सांगण्याजोगी आहे. बोल्टच्या बॅटरीत २८८ सेल असतात आणि तिचे वजन ४०० किलोंहून अधिक भरते. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने २०१७ ते २०१९ या सालांच्या सुमारे ६९ हजार गाड्यांसाठी पहिली सूचना काढली. उभ्या असलेल्या काही गाड्यांनी पेट घेतला होता. बॅटरी ९० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, असे मालकांना सांगण्यात आले. पुढे २०२१च्या वसंतात एक संगणकप्रणाली बसवून प्रश्न मिटला, असे जाहीर झाले. त्यानंतर ही दुरुस्ती करून घेतलेल्या गाड्याही पेटल्या. त्यांतली एक व्हरमाँट राज्यातल्या एका लोकप्रतिनिधीच्या घरासमोर, जुलै २०२१च्या आरंभी जळाली. त्याच महिन्यात दुसरी सूचना निघाली आणि २० ऑगस्टला तोवर बनलेली प्रत्येक बोल्ट तीत सामील करण्यात आली. एकूण गाड्या सुमारे १ लाख ४२ हजार झाल्या. खर्चाचा अंदाज १८० कोटी डॉलरचा होता आणि त्यातला बहुतेक भार सेल बनवणाऱ्या एलजीने उचलण्याचे ऑक्टोबरमध्ये ठरले.

कारण जे सांगितले गेले ते साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. सेलच्या आत ॲनोड आणि कॅथोड ही दोन अग्रे असतात आणि त्यांचा एकमेकांस स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये एक पातळ पडदा असतो. काही सेलमध्ये ॲनोडची पत्ती फाटलेली होती. काहींत पडदा दुमडलेला होता. हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले तरच आगीचा संभव वाढत असे. कोट्यवधी सेलांत असा योग विरळा; पण तो कोणत्या गाडीत आला आहे हे बाहेरून सांगता येत नव्हते. म्हणून दीड लाखाच्या आसपास कुटुंबांना तो आपल्याच घरी आहे असे समजून वागावे लागले. मालकांना मिळालेल्या सूचना अशा: ९० टक्क्यांवर भरू नका, ७० मैलांची शक्ती शिल्लक असतानाच पुन्हा भरा, भरून झाल्याबरोबर गाडी बाहेर काढा, रात्री घरात चार्जिंगला लावून झोपू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये, वाहनतळावर इतर गाड्यांपासून ५० फूट अंतर ठेवावे, असा सल्लाही विचारणाऱ्यांना देण्यात आला. गजबजलेल्या शहराच्या वाहनतळात ५० फूट मोकळी जागा कोणाला कोठे मिळाली असेल, हा प्रश्न कादंबरीकारासाठी सोडून देऊ. काही वाहनतळांनी तर या गाड्यांना प्रवेशच नाकारला.

मुलाच्या घरी आलेले नियम याच जातीचे होते आणि ते पाळताना घराचा सगळा दिनक्रम हलला. चार्जर गॅरेजच्या भिंतीवर आणि गाडी बाहेर. तेव्हा गॅरेजचे दार वीतभर उघडे ठेवून तिच्या खालून जाड केबल ओढावी लागे. त्या फटीतून शिरणारा वारा गॅरेज गार करी आणि वर नातीच्या खोलीची जमीन बर्फासारखी होई. थंडीत बॅटरीची धाव आधीच घटते; त्यात वरून दहावा हिस्सा आणि खालून जवळजवळ तिसरा हिस्सा वर्ज्य. मुलाला कामासाठी रोज जाऊन-येऊन ऐंशी मैल पडत. जातानाच परतीचा हिशेब मनात चालू राही. रात्री चार्जिंग करायचे नाही, म्हणून तो संध्याकाळी सात ते अकरा गाडी लावी आणि अकराला कोट चढवून केबल काढायला बाहेर जाई. बर्फ पडले की आधी फावड्याने वाट करावी लागे. नातीने एकदा विचारले, की गाडीने काय केले म्हणून तिला बाहेर झोपवतात? तिच्या बापाने तिला खरे उत्तर दिले नाही आणि आम्हीही दिले नाही.

आमच्यात मतभेद होते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की ही भीती प्रमाणाबाहेर आहे. पेट्रोलच्या गाड्या पेटतात त्याची बातमी होत नाही आणि स्वीडनसारख्या देशांनी ठेवलेल्या नोंदी पाहिल्या तर विजेच्या गाड्यांना आग लागण्याचे प्रमाण पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा कमीच भरते. दुसरीचे म्हणणे असे, की प्रमाण ही लोकसंख्येची भाषा आहे आणि आपण एका खोलीत झोपतो. शिवाय पेट्रोलची गाडी बहुधा चालताना किंवा धडकताना पेटते. ही मात्र दिवसभराचे काम संपवून, कोणी पाहात नसताना, उभ्या-उभ्या पेटू शकते आणि विझवल्यावर पुन्हा भडकू शकते. दोन्ही म्हणणी खरी होती. रात्री दोनच्या सुमारास खिडकीशी जाऊन गाडीकडे पाहण्याचे काम दोघेही एकमेकांना न सांगता करीत होतो.

जानेवारीत मुलाने गाडी विकायचे मनात आणले आणि येथून खरा पेच सुरू झाला. तिकडच्या संघराज्याच्या कायद्यानुसार परत मागवलेली नवी गाडी विक्रेत्याला दुरुस्तीवाचून विकता येत नाही. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांवरही २०१६ पासून असे बंधन आहे. जुन्या गाडीच्या विक्रीला मात्र त्या कायद्यात अशी मनाई नाही. घरी येऊन गाडी नेणारा एक व्यापारी सापडला. त्याने मालकाला काहीच विचारले नाही. त्याने दिलेला भाव थोडा कमी होता, पण उरलेले कर्ज त्यात फिटत होते. मुलगा म्हणाला, की गाडीचा क्रमांक टाकला की सरकारच्या संकेतस्थळावर सगळे दिसते. व्यापाऱ्याला ठाऊक असणारच. मग लपवाछपवी कसली? यात खोटे काही नव्हते. सूनबाईंनी एकच प्रश्न विचारला: त्याच्याकडून जो घेईल त्याचे काय? तो कोण असेल, तो इंग्रजी पत्र वाचू शकेल का, त्याचे घर कसे असेल, त्याच्या गॅरेजवर कोणाची खोली असेल, यांतले काहीच आपल्याला कधी कळणार नाही. सुमारे आठवडाभर ते दोघे यावर बोलत होते, म्हणजे बहुतेक वेळ गप्प होते. बर्फातून गाडी रोज बाहेर काढणाऱ्या माणसाला नीतीचा पाठ देण्याचा अधिकार पाहुण्यांना नसतो, म्हणून आम्ही मध्ये पडलो नाही.

त्या दिवसांत आम्हांला महाभारतातले लाक्षागृह वारंवार आठवत होते. ही तुलना ओढून-ताणून आणलेली नाही. आदिपर्वातली ती कथा आपण सहसा 'पांडव निसटले' या वाक्याने संपवतो. पण तिच्यातला मधला काळ विलक्षण आहे. वारणावताला निघताना विदुर युधिष्ठिराला सावध करतो, तोही इतरांना कळू नये अशा गूढ बोलीत. तो गेल्यावर कुंती विचारते, की हा काय बोलला, आम्हांला काहीच समजले नाही. घरात आलेले तांत्रिक भाषेचे पत्र वाचून दाखवल्यावर घरातली वडीलधारी माणसे हेच विचारतात. पुढे युधिष्ठिराला भिंतींतून तुपाचा आणि लाखेचा वास येतो आणि घर जळण्यासाठीच बांधले आहे हे सर्वांना कळते. तरीही पांडव तेथून लगेच निघत नाहीत. ते त्याच घरात सुमारे वर्षभर राहतात. दिवसा शिकारीच्या निमित्ताने रान पालथे घालतात, रात्री सावध राहतात, आणि विदुराने पाठवलेला खनक घराखाली भुयार खणत असतो. जळणारे घर माहीत असणे, त्यात झोपणे आणि उपाय तयार होण्याची वाट पाहणे, ही त्यांची अवस्था आम्ही अनेक वर्षे शिकवली. तिची लांबी आम्हांला न्यू जर्सीत कळली.

पण कथेचा काटा पुढे आहे. ज्या रात्री भीम ते घर पेटवतो त्या रात्री तेथे एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे झोपलेले असतात. ती मेजवानीला आलेली, मद्य पिऊन निजलेली. सकाळी राखेत सहा देह सापडतात आणि पांडव कुंतीसह मेले, असे जग समजते. विदुराची सूचना त्या सहाजणांना कोणी दिलेली नव्हती. महाश्वेता देवींनी आपल्या एका बंगाली कथेत उतारवयातल्या कुंतीला अरण्यात एका निषादीसमोर उभे केले आणि या सहा मृत्यूंचा जाब तिला विचारायला लावला. आम्ही ही कथा वर्गात शिकवत असू तेव्हा चर्चा जात आणि वर्ण यांच्या अंगाने जाई आणि ते योग्यच होते. आता तिच्यात आणखी एक प्रश्न दिसतो, तो सूचनेच्या वाटपाचा. सूचना ज्याच्या नावे येते तो वाचतो. ज्याच्या नावे येत नाही तो त्याच छपराखाली असतो.

अमेरिकेच्या नियमांना याची थोडीशी जाणीव आहे. गाडी भाडेपट्ट्याने दिली असेल तर मालकाने हे पत्र दहा दिवसांत भाडेकरूकडे पोहोचवावे, असे त्यांत सांगितले आहे. शेजाऱ्याविषयी, पाहुण्याविषयी, वाहनतळावर पलीकडे उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी नियम काही बोलत नाहीत आणि बोलूही शकणार नाहीत. तेथे कायद्याचा हात संपतो आणि दुसऱ्या कशाचा तरी सुरू व्हावा लागतो.

आम्ही एप्रिल २०२२ मध्ये पुण्याला परतलो तेव्हा हा विषय आमच्या आधी येथे येऊन बसला होता. मार्चच्या अखेरीस शहरात एक ओला स्कूटर रस्त्याकडेला उभी असताना पेटली होती आणि तिची चित्रफीत घराघरांत पोहोचली होती. एप्रिलमध्ये कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. जूनमध्ये वसईत टाटांची एक नेक्सॉन ईव्ही पेटली आणि केंद्राने चौकशीचे आदेश दिले. आपल्याकडेही आता कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने परत मागवण्याची सक्ती करता येते. बॅटरीच्या चाचण्यांचे निकषही डिसेंबर २०२२ पासून कडक झाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु आपल्याकडे स्कूटर घेतो एक, चालवतो दुसरा, नोंदणी तिसऱ्याच्या नावावर असते आणि ती रात्री उभी राहते ती जिन्याखाली, जेथून वरच्या चारही मजल्यांना उतरायची एकच वाट आहे. आमच्या सोसायटीच्या बैठकीत विजेच्या वाहनांना चार्जिंगची परवानगी द्यावी की नाही यावर दोन तास वाद झाला. एखाद्या वाहनाविषयी अशी सूचना आली तर ती फलकावर लावावी काय, हा प्रश्न आम्ही उपस्थित केला तेव्हा मात्र सभेत शांतता पसरली. एका सदस्यांनी म्हटले, की असे केल्यास गाडीची किंमत पडेल. हे उत्तर आम्हांला ओळखीचे होते.

बोल्टच्या मालकांचा शेवट संमिश्र झाला. नव्या बॅटऱ्या २०२१च्या ऑक्टोबरपासून बसू लागल्या. जुन्यांपैकी अनेकांना पूर्वीपेक्षा मोठी बॅटरी मिळाली, धाव २३८ मैलांवरून २५९ मैलांवर गेली आणि आठ वर्षांची हमी नव्याने सुरू झाली. त्यांच्या दृष्टीने दोष हे वरदान ठरले. अलीकडच्या सालांच्या अनेक मालकांना २०२३ मध्ये केवळ एक संगणकप्रणाली मिळाली. ती सुमारे १० हजार किलोमीटरपर्यंत चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखून बॅटरीवर पाळत ठेवी आणि काही वावगे न आढळल्यास बंधन काढून घेई. एकाच पत्राचे दोन वाचकांना दोन वेगळे अर्थ मिळाले, असे म्हणता येईल. त्या वर्षाअखेर त्या गाडीचे उत्पादनही थांबले.

मुलाने व्यापाऱ्याला गाडी दिली नाही. फेब्रुवारीत जवळच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी थेट घरी गाडी पाहायला आला, तेव्हा मुलाने चहाबरोबर ते पत्र त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते दोनदा वाचले आणि आपल्या इमारतीत गाड्या तळघरात ठेवाव्या लागतात, असे सांगून आभार मानून तो गेला. त्यानंतर गाडी विकायची गोष्ट निघाली नाही. दुसरे पत्र आम्ही परतल्यावर, उन्हाळ्यात आले आणि बॅटरी बदलून मिळाली. नातीच्या खोलीखाली गाडी पुन्हा उभी राहू लागली. पहिले काही दिवस मुलगा रात्री उठून पाहात होता, असे सूनबाईंनी फोनवर सांगितले. मुलाने दोन्ही पत्रे गाडीच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या कप्प्यात ठेवली आहेत. दुरुस्ती झाली, आता ती कशाला, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, पुढेमागे ही गाडी कोणाकडे जाईल हे मला ठाऊक नाही. पण कप्पा तो उघडेलच.